शेण, निंदण आणि सातबारा: आपल्या कोरडवाहू वावरात कोणती शेती टिकेल?

काळीमाती (कळंब, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी.

मागच्या आठवड्यात आमच्या गावी कृषी सहायक आले होते. केंद्राचं नैसर्गिक शेती अभियान नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, २,४८१ कोटी रुपयांचं. देशभरात १५,००० गट करायचे आहेत, त्यातला एक आमच्या भागात बसतोय. नावं द्या म्हणाले. पोरगा चांगला, तळमळीनं बोलत होता. जीवामृताची कृती त्यानं फळ्यावर लिहून दाखवली: देशी गाईचं दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. लोकांनी माना डोलावल्या. मग मागे बसलेल्या एका काकाजींनी विचारलं, "शेण कोणाच्या घरून आणाचं?" सगळे गप्प झाले.

मी लहान असताना पोळ्याला आमच्या गावच्या तोरणाखाली साठ-सत्तर जोड्या उभ्या राहायच्या. गेल्या पोळ्याला मोजल्या, अकरा. ट्रॅक्टर आले हे कारण आहेच, पण माझ्या मते सुरुवात ज्वारी गेली तिथून झाली. सोयाबीन आलं, शंभर-एक दिवसांत हातात पैसा देऊ लागलं आणि ज्वारी वावरातून निघाली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, पण त्याला कडब्याची सर नाही. बैल विकले, शेणखत संपलं, युरियाची थैली वाढली. आता शेणाकडे परत चला म्हणतात. जायला मी तयार आहे, पण वाट ज्वारीतून जाते आणि ज्वारी कुठेच नाही.

माझी ७ एकर घरची, ४ एकर ठेक्यानं. सगळी कोरडवाहू. तीन वर्षांपासून एका एकरात वडील करायचे तसं करून पाहतोय: देशी कपाशी, मध्ये तुरीचं तास, थोडा मूग, थोडी ज्वारी. रासायनिक काही नाही. बाकी वावरात बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारी जनुक बदललेली कपाशी, आणि सोयाबीन. देशीवर तुडतुडे कमी, मूळ खोल. पावसाचा खंड पडून बीटी माना टाकते तेव्हाही ती तग धरते. पण गेल्या साली देशीचा उतारा साडेतीन क्विंटल, बीटीचा एकरी सहा. धागा आखूड म्हणून व्यापाऱ्यानं भावही पाडला. खर्च वजा केल्यावर दोघांत फार अंतर उरलं नाही, आणि घरी खायला मूग, तुरीची डाळ, ज्वारी आली. मी खूश होतो. बायकोनं मात्र एक हिशोब पुढे ठेवला जो मी धरलाच नव्हता: त्या एका एकराला तीन निंदणं, प्रत्येक वेळी तिचे आणि जावेचे चार-चार दिवस.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या सप्टेंबरात माझ्या वावरात फवारा मारणारा, जवळच्या कोलाम पोडावरचा (आदिवासी वस्तीवरचा) माणूस, संध्याकाळी चक्कर येऊन पडला. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. नऊ दिवसांनी घरी आला. त्या वर्षी पराटी (कपाशीचं झाड) डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच येत होता. दोन औषधं मी माझ्या हातानं एकत्र करून दिली होती आणि तोंडाला बांधायला दुपट्ट्याशिवाय काही दिलं नव्हतं. तेव्हापासून नुसत्या क्विंटलमध्ये शेती मोजणं मला जमत नाही.

म्हणून विचारतो. रासायनिक, सेंद्रिय, नैसर्गिक, बिनमशागतीची, जो जे करतो त्यानं सांगा: मातीचं काय झालं, पाण्याचं काय झालं, आणि कामाचं ओझं कोणाच्या अंगावर गेलं?

तिफन (अकोट, जि. अकोला)

भाऊ, मनापासून लिहिलंत, तसंच उत्तर देतो. माझी १४ एकर आहे. मी तंत्रज्ञानाच्या बाजूचा आहे.

वडिलांनी २००१ साली हिरव्या बोंडअळीवर एका हंगामात दहा-बारा फवारण्या केल्याचं मला आठवतं. अळी मरत नव्हती, माणूस मरायला टेकत होता. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. आम्ही दोन-तीन वर्षांनी लावली आणि अळीच्या फवारण्या दोन-तीनवर आल्या. तेवढं विष मातीत आणि अंगात गेलं नाही, हे जमेला धराल की नाही?

आता तणनाशक सहन करणारी कपाशी. गावात तिला चोर बीटी म्हणतात, कारण तिला मंजुरी नाही. जून २०१९ मध्ये आमच्याच तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं ती उघडपणे पेरली. लोक ती का लावतात ते पाहा. जुलैत झड लागली की आठ-दहा दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, डवरा (बैलांचं कोळपं) चालत नाही. वाफसा येतो तेव्हा अख्ख्या गावाला एकाच दिवशी निंदायला बाया पाहिजे असतात. तोवर गवत पराटीच्या वर गेलेलं असतं.

आणि एका हुकमानं शेती बदलली तर काय होतं ते श्रीलंकेनं दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचं पीक पडलं, नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. ज्याच्याकडे दोन वर्षं तोटा खायची ताकद आहे त्यानं प्रयोग करावा. तीन एकरवाल्याला त्यात ढकलू नका.

रानफूल (हिंगणघाट, जि. वर्धा)

तिफनदादा, तुम्ही म्हणता "बाया मिळत नाहीत". मी त्या बायांपैकी एकीची मुलगी आहे, म्हणून लिहिते.

माझ्या आईनं तीस वर्षं निंदण आणि वेचणी केली. आमच्याकडे जमीन नव्हती. जुलै ते सप्टेंबर निंदण, नोव्हेंबरपासून वेचणी, यावर आमचं घर चालायचं. तणनाशक आलं तसे निंदणाचे दिवस निम्म्यावर आले. मालकाची मजुरी वाचली ती आमच्या घरातून गेली. याला कोणी पर्यावरणाचा प्रश्न म्हणत नाही, पण टिकाऊ शेती म्हणताना हा हिशोब कोणत्या वहीत मांडायचा?

दुसरं, ज्याला तुम्ही तण म्हणता त्यातली अर्धी आमची भाजी होती. तरोटा, घोळ, चिवळ, अंबाडी. आई संध्याकाळी ओच्यात घेऊन यायची. पावसाळ्यात आम्ही भाजी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. आता ती मला म्हणते, "औषध मारलेल्या वावरातलं खाऊ नको." त्या भाज्या बाजारात मिळतात, वीस रुपयाला जुडी.

पण मी निंदणाचं गुणगान करणार नाही. आईची कंबर पंचावन्नाव्या वर्षी गेली. पावसात उकिडवं बसून दिवसभर खुरपं चालवायचं आणि रोजी गड्यापेक्षा कमी. नैसर्गिक शेतीच्या बैठकीत माणसं बोलतात. शेण गोळा करणं, जीवामृत ढवळणं, तीन वेळा निंदणं हे मात्र बायांच्या अंगावर येतं. काळीमातीदादा, वहिनींनी हिशोब मांडला ते फार बरं झालं. त्या हिशोबाला पैशांचा आकडा लावा, मग देशी आणि बीटीची तुलना करा.

काळीमाती

ताई, लावला. गावात निंदणाची बाईची रोजी गेल्या साली अडीचशे होती. दोघींचे मिळून चोवीस दिवस. सहा हजार. तेवढे धरले तर देशीचं एकर बीटीच्या मागे जातं. हे मला आधी कळायला पाहिजे होतं.

मातीचापोत (अकोला)

मी कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्र शिकलो, आता माती तपासणीचं काम करतो. शेणाच्या प्रश्नाला आकडे लावून पाहू, कारण याच ठिकाणी सगळी चर्चा भावनेवर जाते.

युरियाची ४५ किलोची थैली २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे एका टनात पाच किलो. एका थैलीएवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन लागतं, बैलगाडीत पाच क्विंटल धरलं तर आठ गाड्या. ते भरायचे, वाहायचे, पसरायचे कष्ट वेगळे. थैली स्वस्त दिसते कारण तिची खरी किंमत सरकारी अनुदानातून, नैसर्गिक वायूतून आणि हवा तापवणाऱ्या नायट्रस ऑक्साईड वायूमधून कुठेतरी दुसरीकडे फेडली जाते. पण कास्तकाराच्या खिशाला ती स्वस्तच आहे, त्याला दोष कसा द्यायचा?

उलट बाजूही तेवढीच खरी. आमच्याकडे येणाऱ्या कोरडवाहू नमुन्यांमध्ये सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे. अशी काळी माती पाणी धरत नाही, लवकर भेगाळते. त्यात तुम्ही कितीही युरिया टाका, पंधरा दिवसांचा खंड पडला की पीक बसलंच. युरियाला कर्बाचं काम येत नाही.

जीवामृताबद्दल माझं मत असं: ते विरजण आहे, दूध नाही. दोनशे लिटरमध्ये दहा किलो शेण, त्यातून पिकाला लागणारं नत्र मिळत नाही. ते जिवाणूंना चालना देतं, पण जिवाणूंनी कुजवायला आधी काहीतरी असावं लागतं: पालापाचोळा, कुटार, पराटीचा चुरा, शेणखत. जीवामृताची ही पद्धत सांगणारे सुभाष पाळेकर गुरुजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांच्या पद्धतीत आच्छादन आणि आंतरपीक आहेच. गावोगाव पोचताना मात्र तेवढं गळून पडलं आणि ड्रम उरला. आच्छादन नसलेल्या उघड्या वावरात जीवामृत टाकून "काही फरक पडला नाही" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

शेवटचं म्हणजे गाय नत्र तयार करत नाही. ती जे खाते त्यातलंच शेणात येतं. चारा गायरानातून, ई-क्लासच्या म्हणजे गावच्या सरकारी पडीक जमिनीतून येत होता, म्हणजे त्या जमिनीची सुपीकता शेणावाटे वावरात येत होती. गावाचं गायरान अतिक्रमणात गेलं असेल तर त्या गावाची सेंद्रिय शेती कुठून उभी राहणार? बाहेरून नत्र आणणारं आपल्याकडचं खरं साधन म्हणजे तूर, मूग, उडीद, हरभरा. तुरीची पानगळ वावरात राहू द्या, पराटी पेटवू नका. एवढं केलं तरी ड्रमच्या आधी बरंच काम होतं.

वरूडकर (वरूड, जि. अमरावती)

थोडक्यात लिहितो. आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात मोसमात शेणखताच्या गाड्यांच्या रांगा लागतात, त्या दृष्टीनं आमची बाग अर्धी सेंद्रियच. पण पाणी? वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला. माझ्या वडिलांच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं. माझी शेवटची बोअर आठशे फूट गेली आणि कोरडी निघाली. त्या वर्षी दीडशे झाडं वाळली, तोडावी लागली. उरलेल्या बागेला ठिबक आहे, आच्छादन आहे, तरी मी स्वतःला टिकाऊ शेतकरी म्हणणार नाही. कोणतीही पद्धत सांगताना पाणी कुठून येतं ते आधी सांगा.

खारपाण (दर्यापूर, जि. अमरावती)

वरूडकर भाऊ, आमच्याकडे तर जमिनीतलं पाणी तोंडात धरता येत नाही. पूर्णेच्या काठची खारपाणपट्टी, अमरावती-अकोला-बुलडाण्यात पसरलेली. बोअरचं पाणी पिकाले देल्लं तर जमीनच फुगते, कडक होते. म्हणून आमचे बापजादे पावसावरच मूग-कपाशी-हरभरा करत आले.

मले एक सांगाचं हाय. आमच्याकडे वावरात शेततळं झालं तवा पह्यल्यांदा हरभऱ्याले एक पाणी देता आलं. गोडं पाणी, पावसाचं. त्या एका पाण्यानं जे झालं ते कोण्या औषधानं नाही झालं. आमच्या भागात सेंद्रिय का रासायनिक हा वाद नंतरचा हाय, पह्यले पावसाचं पाणी वावरात राह्यलं पाह्यजे.

झाडीपट्टी (नागभीड, जि. चंद्रपूर)

तुम्ही सगळे कपाशीवाले. आमची धानाची बांधी (भाताचं खाचर), तिचंही ऐका जी.

आमच्याकडे मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून हजारो. कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) नावावर गेले. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला कधी सुटेल हे गाव ठरवायचं. गाळ काढायचाही गावानं आणि तो गाळ बांधीत पडायचा, तेच आमचं खत. तलाव सरकारकडे गेले, गावाचा हात निघाला आणि गाळ साचत गेला. म्हणजे खतही गेलं आणि पाणीही.

पद्धतींबद्दल माझा अनुभव सांगतो. मी तीन वर्षं अर्ध्या एकरात श्री पद्धत केली. एकेक कोवळं रोप, अंतरावर, पाणी सतत भरून न ठेवता. बियाणं एकदम कमी लागलं, फुटवे भरपूर. पाणी तुंबलेल्या बांधीतून मिथेन निघतो, तो यात कमी होतो, म्हणजे हवेलाही बरं. पण बांधीत पाणी नसलं की तण उसळतं. दर दहा दिवसांनी कोनोवीडर (हातानं ढकलायचं तण काढायचं यंत्र) चालवायचा. ताईंचा प्रश्न इथंही येतो: वाचलं ते पाणी, वाढले ते हात.

बियाण्याचीही गोष्ट याच तालुक्यातली आहे. नांदेड फकिरीच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या बांधीत वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी धान काढलं. जेमतेम जमीन, शाळा जेमतेमच. ते बियाणं दूरदूर पसरलं, पण त्यांचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. २०१८ ला वारले. टिकाऊ शेतीत बियाणं शोधणाऱ्याचं घर टिकलं पाहिजे की नाही, असं मला नेहमी वाटत राहतं.

तिफन

मातीचापोत यांनी आकड्यात सांगितलं, ते पटलं. माझ्याकडूनही एक कबुली.

बीटीच्या डब्यासोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं. कडेनं चार-पाच ओळी लावायचे, म्हणजे साध्या झाडांवरच्या अळ्यांचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळून पुढच्या पिढीतला प्रतिकार पातळ राहतो. ते पाकीट मी दरवर्षी धुऱ्यावर फेकलं. आमच्या शिवारात लावणारा एकही माणूस मला माहीत नाही. वरून पाण्याची सोय असलेले आम्ही फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवायचो, म्हणजे वेचणी संपली तरी पराटी उपटत नव्हतो. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. आम्ही तिला बारा महिने ताट वाढलं. २०१७ ला डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) दिसल्या तेव्हा उशीर झाला होता, सहा एकरांतला कापूस किडका निघाला.

आणि मी एकट्यानं फरदड मोडून भागत नाही. शेजाऱ्यानं ठेवली की पतंग माझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणांनी मिळून डिसेंबरअखेर पराटी उपटली, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले तरच फवारायचं ठरवलं. माझ्या दोन फवारण्या वाचल्या. बियाणं बीटीच होतं, पण विष कमी झालं. याला कोणत्या पद्धतीत टाकायचं ते मला सांगता येत नाही.

रानफूल

दादा, फवारणी कमी झाली ना, मग नावाचं काय घेऊन बसायचं. आता त्या अकरा जणांत फवारणाऱ्या मजुराला हातमोजे आणि मास्क कोण देतं, तेही ठरवा.

तिफन

ठरवतो ताई. गेल्या साली आम्ही दोन संच घेतले, ते पुरत नाहीत.

काळीमाती

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माझ्याकडून एक राहिलेली गोष्ट, ठेक्याच्या चार एकरांची.

ती जमीन ज्यांची आहे ते शहरात राहतात. दर गुढीपाडव्याला ठेका नवा होतो. मागे मी त्या वावरात आठ गाड्या शेणखत टाकलं. पुढच्या पाडव्याला त्यांनी दुसऱ्याला दिलं, कारण त्यानं एकरी हजार रुपये जास्त दिले. माझं खत त्याच्या पिकाला लागलं. त्यात त्याचा दोष नाही, पण परत मी ठेक्याच्या वावरात शेणखत टाकलं नाही, युरियाच टाकतो. शेणखत तीन वर्षं फळतं, माझा करार एका वर्षाचा. सहायकानं गटासाठी सातबारा मागितला तेव्हा आमच्या बैठकीतली सहा-सात माणसं उठून गेली. ती ठेक्यानं किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) वाहणारी. मातीचं बरं-वाईट ज्याच्या हातात आहे त्याचं नावच कागदावर नाही. तीन ते पाच वर्षांचा लेखी करार झाला तर एक पैसा न देता कितीतरी एकरांत शेणखत पडेल. जमीनमालकाला भीती असते की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल. ती भीती कशी काढायची, यावर कोणी मार्ग काढला असेल तर सांगा.

आणि ज्वारी. मी ती गेल्या साली अर्ध्या एकरात पेरली. एकट्याचीच असल्यामुळे अख्ख्या शिवारातली पाखरं आणि रानडुकरं माझ्याकडे. दहा-बारा रात्री जागलीला गेलो, एवढं करून दोन मणही हाती आली नाही. आमच्या काकाजींना सांगितलं तर म्हणाले, "ज्वारी कधी एकट्यानं पेरत असतात का?" पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असायचं, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार.

परवा रात्री नऊ घरं बसलो. बायांनाही बोलावलं, ताई, तुमच्यामुळे. ओढ्याच्या कडेला लागून असलेली नऊ जणांची मिळून तेरा एकर ज्वारी-तूर-मूग करायची, एकाच पट्ट्यात. जागल पाळीपाळीनं. बायकोच्या जावेनं म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं अट घातली की निंदणाला घरचं माणूस असो की बाहेरचं, रोजी वहीत लिहायची आणि गड्याएवढीच लिहायची. दोघांनी कुरकुर केली, शेवटी मान्य झालं. कपाशी बाकीच्या वावरात बीटीच राहील, पण डिसेंबरात उपटू. गटात नाव देतोय, मात्र सहायकाला सांगितलं की पहिल्या वर्षी आम्हाला ड्रम नको, मातीची तपासणी आणि चाऱ्याचं बियाणं द्या.

उंच ताटाची, कडब्याची जुनी ज्वारी कोणाकडे आहे का? बाजारातली बुटकी आहे, तिचा कडबा पुरत नाही.

मातीचापोत

तेरा एकरांचे नमुने पेरणीच्या आधी, खत टाकण्याच्या आधी घ्या. प्रत्येक वावरातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती, वीतभर खोल, धुरा आणि झाडाची सावली सोडून. सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवा आणि तीन वर्षांनी त्याच जागेवरून परत घ्या. एका वर्षात फरक शोधू नका, दिसणार नाही.

झाडीपट्टी

धानाच्या तणसीची (पेंढ्याची) दोन ट्रॉली कोणाला आच्छादनासाठी पाहिजे असेल तर आमच्याकडे पडून आहे. भाडं तेवढं तुमचं.

खारपाण

काळीमाती भाऊ, आमच्या आईनं घरच्या कणगीत उंच ज्वारीचं बी राखून ठेवलं हाय. हुरड्याची नाही, कडब्याचीच, ताट माणसाच्या वर जाते. तेरा एकराले पुरणार नाही, पण तीन एकराचं होईल. पुढच्या साली तुमचंच तुम्ही राखा. पह्यल्या पावसाच्या आधी कारंजाच्या बसनं पाठवतो, पायली मोजून. आई म्हणते परत दुपटीनं द्याचं.